मिनिटभराची चौकट

नर्सच्या टेबलावरचा डेस्कटॉप संध्याकाळ झाली की मान टाकायचा. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर माझ्याकडेच, त्यात बाबा त्याच मजल्यावर भरती, म्हणून मी स्वतःच बसलो.

दुखणं लगेच सापडलं. पेशंटने बेल दाबली की आवाज न होता स्क्रीनवर फक्त एक चौकट उघडायची आणि कोणी 'पाहिलं'वर क्लिक करेपर्यंत मेमरी अडवून बसायची. धावपळीत क्लिक करायचं राहून जायचं आणि चौकटींचा ढीग साचायचा. मी दोन ओळी लिहिल्या: मिनिटभराने चौकट आपोआप बंद.

"सर, जादूच केलीत! किती सुटसुटीत दिसतंय आता," सिस्टर खूश झाल्या.

निघताना बाबांच्या हातात बेल दिली. "काही वाटलं तर दाबायची. कॉम्प्युटर आता अडणार नाही."

"तू हात लावलायस ना? मग मला कसली काळजी!"

सकाळी आलो. बाबांचं अंग गार पडलं होतं आणि अंगठा बेलवरच होता.



"दुसऱ्या पेशंटकडून परत आले की आधी स्क्रीनच बघत होते हो, सर," सिस्टर रडत म्हणाल्या, "एकही बेल नव्हती."