टॉप तेवढं म्हणू नको

“अपच्या वरचा एखादा शब्द हाय का रं तुझ्याकडं?” अंबाजीने विचारलं.

अनंताने अजून वहाणाही काढल्या नव्हत्या. मुंबईहून आधी लाँच, मग एस.टी.चे धक्के खात तो रेवदंड्याला पोचला होता, आणि सख्ख्या काकाचा पहिला प्रश्न हा! ना पाणी, ना ख्यालीखुशाली.

“राइज घ्या की, काका,” तो कसंनुसं हसून म्हणाला.

“झाला त्यो. राइज होतो भाव, नायतर साहेबाचा पगार. अप काय, कुनीबी म्हनतं. लिफ्ट बंद पडली की नर्सबाय म्हनायची, क्लाइंब. आन् त्यो पारशी डाक्टर, मजला चुकला की वरडायचा, हाय्यर, हाय्यर! समदे वापरून झाले. नवा दे.”

“मग टॉप?”

अंबाजीचा चेहरा खर्रकन उतरला. “त्यो न्हाय! दुसरा कंचाबी दे, पर टॉप तेवढं या घरात म्हनू नको.”

अनंताने सुस्कारा सोडला. शेजारच्या भागुबाईने धाडलेला निरोप खोटा नव्हता तर. काकाचं डोकं फिरलं होतं.

आणि का फिरू नये हो? उभा जन्म मुंबईच्या एका इस्पितळात लिफ्टमन म्हणून गेलेला. साहेब गेले, स्वराज्य आलं, तरी हा आपला खाकी कोट घालून ‘गोइंग अप’ म्हणतच राहिला. मग पोटचा एकुलता एक पोरगा, मोरू, विषमज्वराने त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर पडला. जनीकाकी गावाहून डबा घेऊन धावली. तिला लिफ्टमधून वर नेलं ते अंबाजीनेच. वर जाऊन बघतात तर खाट रिकामी. बापच तो, त्याच्या काळजाचं काय झालं असेल!

त्याला आता दोन वर्षं झाली. नोकरी सोडून नवराबायको गावी आली, आणि तेव्हापासून रोज चारच्या सुमाराला अंबाजी तोच कोट चढवायचा, माळ्याच्या शिडीपाशी स्टूल टाकून बसायचा आणि इंग्रजी बोलायचा. गल्लीतली पोरं खिडकीतून बघून खिदळायची.

“काका, ठाण्याच्या इस्पितळात बोलून ठेवलंय,” अनंताने शेवटी सांगून टाकलं. “उद्या निघू. तिथे बरं वाटेल तुम्हाला.”

अंबाजीने त्याचे हात धरले. “लोक येडा म्हनत्यात, म्हनू दे. माझं काय जातंय? पर मला हितनं हलवू नको, पाया पडतो तुझ्या.”

काकाने पुतण्याच्या पाया पडायचं! अनंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठून अंगणात आला.

जनीकाकी मात्र खमकी. बोंबील उलथता उलथता एका गिऱ्हाइकाशी जोरात हुज्जत घालत होती. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने काकीलाही ठाण्याचं सांगितलं. तिचे हात थांबले.

“त्यास्नी न्हेलंस तर माझं कसं व्हायचं रं?”

“तुम्ही माझ्याकडे चला, काकी.”

“नगं बाबा. त्यांच्याबिगर माझं काय बी चालत न्हाय.” तिने उन्हाकडे पाहिलं आणि लगबगीने उठली. “चार वाजत आलं. डबा भरायचा हाय.”

“तुम्ही पण त्यांच्या या नादात?”

“येळ चुकवून कसं चालंल?”

अनंताला भरून आलं. नवऱ्याचं वेड असं पदरात घेऊन संसार करणारी ही बाई! देवाने हिच्यावर तरी दया करायला हवी होती, असं त्याला वाटलं.

घरात अंबाजी स्टुलावर ताठ बसला होता. कोटाची बटणं लावलेली, हात शिडीच्या पायरीवर. जनी डोक्यावर पदर घेऊन, डबा धरून त्याच्या शेजारी उभी राहिली.

“गोइंग अप,” अंबाजी म्हणाला.

“ते कालबी झालं,” जनी म्हणाली.

“हाय्यर.”

“ते परवा. अजून किती वर जायाचं?”

अंबाजीच्या कपाळावर घाम आला. त्याने अनंताकडे पाहिलं, बुडता माणूस बघतो तसं.

अनंताला ते बघवेना. ही लिफ्ट एकदाची पोचली, तर काका स्टुलावरून उठेल, मोकळा होईल, असं त्याच्या मनात आलं. त्याने मोठ्याने म्हटलं, “टॉप! आला शेवटचा मजला. उतरा!”

“अनंता!” अंबाजी ओरडला आणि बायकोचा पदर धरायला झेपावला.

पदर निसटला. जनी केव्हाच शिडीवर चढली होती. चेहरा कसा फुलून आलेला! या वयात पोरीसारखी भराभरा चढत ती माळ्यावर गेली.

“मोरू, ऊठ बाळा,” वरून आवाज आला, “बोंबलाचं कालवण आनलंय.”

अंबाजी मटकन स्टुलावर बसला. त्याने सावकाश कोटाची बटणं काढली, आणि एरवीच्या शहाण्यासुरत्या आवाजात म्हणाला, “दोन वर्सं तिला वर पोचू दिलं न्हवतं रं मी.”

माळ्यावर डबा पडला.