आधी महिना, मग दिवस

६४.
१२८.

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर, कोपऱ्यात हिरवे आकडे चढत होते.

"चालतंय की हो, ताई!" जुनं सामान न्यायला आलेला माणूस दोरी खांद्यावर टाकून उंबऱ्यातच बसला. "मला वाटलं, नुसता बंद खोका न्यायचाय."

"मशीनच्या आत घरचं काही राहिलंय का तेवढं बघते. मग उचला."

२५६.

तिनं वळून पाहिलं. बाबा चाकाच्या खुर्चीत, तोंड कोऱ्या भिंतीकडे. पक्षाघाताला आठ आठवडे झाले. उजवा हात मांडीवर पडलेला, वाचा बंद. दर शुक्रवारी डॉक्टरीणबाई यायच्या, पाटी पुढे धरायच्या. "काका, आज तारीख काय? लिहा बघू डाव्या हातानं." बाबा भिंतीकडे बघायचे. गेल्या खेपेला त्या जाताना दारात हळूच म्हणाल्या होत्या, "समजतच नसेल, तर व्यायाम तरी कुणासाठी चालवायचा? या शुक्रवारी शेवटचं बघू."

शुक्रवार उद्या होता.

५१२.

पुलांचे नकाशे काढणाऱ्या बाबांच्या अख्ख्या ऑफिसात असं मशीन एकच. त्याला एसी, साहेबाला पंखा. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं, तर बाबा म्हणाले, "घड्याळ राहू द्या, हे द्या." दोन्ही मिळालं.

६४०. टुक्.

आज मंगळवार, १ जानेवारी १९८०.
नवी तारीख?

"हे तर बाबांपेक्षा जास्त हरवलंय," ती पुटपुटली आणि तिनं जीभ चावली.

मशीनच्या पोटात घड्याळच नव्हतं. रोज सकाळी सुरू केलं की आधी तारीख विचारायचं, मगच कामाला लागायचं. तिनं उभ्याउभ्याच टाकली. पंचवीस, नऊ, वर्ष.

चुकीची तारीख. नवी तारीख?

परत टाकली. परत तेच.

"राहू द्या, ताई. दमलंय ते." दोरीवाला उठला, टेबलामागे वाकला आणि त्यानं वायरीला हात घातला.

मागे चाक करकरलं. एकाच हातानं रेटलेली खुर्ची तिरकी तिरकी येत टेबलावर आदळली. एका डाव्या हातानं तिचा हात बाजूला सारला. अभ्यासात चुकलं की सारायचा, तस्साच.

एक बोट. ९.

बोट थांबलं.

२. ५.

मग वर्ष. चारही आकडे. यंदाचंच.

आधी महिना, मग दिवस. या मशीनला तसंच लागायचं.

"बाबा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एन्टर दाबलं.

"काका चिडलेत वाटतं तुमच्यावर," दोरीवाला म्हणाला. वायर त्यानं कधीच सोडली होती.

"चिडू द्या," ती म्हणाली. खाली बसायला तिला स्टूल सापडेना. "चिडू द्या हो."

मशीननं तारीख घेतली. पडद्यावर पुढची ओळ उमटली.

आत्ता वाजले किती?

बाबांनी मान वळवली आणि डोळे बारीक करून ऑफिसच्या त्या घड्याळाकडे पाहिलं.