रोज एक प्रकरण

"ह्ये नगं," चंद्राबाईनं रंगीत पुस्तक परत सरकवलं. "निस्ती चित्रंच हाईत. गाडी आष्ट्याला पोचायच्या आत संपंल."

भाऊसो दुकानदारानं कपाळाला हात लावला. "आवं वैनी, बिनचित्राचं दिलं तर जड म्हणताय!"

"मग मधलं द्या की. चित्रं थोडी, ठसठशीत अक्षर, गोष्ट एकच, पर प्रकरणं पाडलेली."

"स्थळ बघाय आल्यागत बघताय पुस्तकं!"

चंद्राबाई हसली. तिचा बेत तिला ठाऊक. पोरीनं रोज एक प्रकरण वाचलं तर पुस्तक लांबेल, आणि तेवढे दिवस रोज एकदा तरी ती आपली आठवण काढील.

पोरगी म्हणजे हरणा, यंदा चौथीत जाणारी. ती बाकावर पुस्तकात नाक खुपसून बसली होती. सुट्टी संपली होती, आज ती कराडकडच्या गावी परत निघायची होती.

"आईवाणीच चिकित्सक हाय की," भाऊसो म्हणाला.

"आई गावाकडं हाय तिची," चंद्राबाई घाईनं म्हणाली. "मी काकी."

थोरले दीर लढाईत गेले, तेव्हापासून गावच्या घरात जाऊ बनुबाई आणि हरणा, दोघीच. इकडं सांगलीत चंद्राबाई आणि नवरा, दोघंच. तो कुपवाडला कामाला गेला की घर खायला उठायचं. शेजारणी नवस सुचवायच्या, ती मुकाट ऐकून घ्यायची. उन्हाळ्यात हरणा आली की मात्र घराचं गोकुळ व्हायचं, आणि ती गेली की कितीतरी दिवस बाईला घास गोड लागायचा नाही.

शेवटी पुस्तक हरणानंच निवडलं. मेंढरांमागं निघालेल्या एका पोरीची लांबलचक गोष्ट, प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाला एक लहानसं काळं-पांढरं चित्र.

"काकी, ह्येच!"

स्टँडवर गाडी लागलेलीच होती. कंडक्टर गावचाच, ओळखीचा. चंद्राबाईनं पुस्तक पिशवीत घातलं. हरणानं ते काढून पुन्हा तिच्या हातात दिलं.

"ह्ये हितंच असू दे."

चंद्राबाई खाली वाकली. "का गं? आवडलं न्हाई?"

"लय आवडलं. पर आई इचारंल, कुणी दिलं."

ते खरंच होतं. काकीनं केलेले लाड बनुबाईला खपत नसत. मागं दिलेला फ्रॉक ट्रंकेच्या तळाशी गेला होता. बाई वाईट नव्हती, पण पोरीशिवाय तिला तरी होतं कोण? तरी चंद्राबाईनं पुस्तक पुन्हा पिशवीपाशी नेलं. पुस्तकही नाही, तर पोरीला वर्षभर आपण आठवणार तरी कशानं?

"मास्तरांनी वाचाय दिलंय म्हण," ती हळूच म्हणाली. "एवढ्यानं काय पाप लागत न्हाई."

हरणानं मान हलवली. "आईपाशी मी एकच खोटं बोलते. दुसरं न्हाई बोलणार."

"आगं बया! कंचं गं?"

कंडक्टरनं घंटी मारली. पोरगी पायरीवर चढली आणि मागं वळली.

"तिच्या वटीत मला तूच घातलंस, ठावं हाय मला. तरी तिच्याम्होरं तुला काकी म्हणते."