लेकीच्या नावावर

महिनाभर काकडी, गाजर आणि कोबी चावून लेकीचे जबडे दुखायला लागले होते, पण स्कर्ट काही सैल होत नव्हता. "तुझं वजन वाढलंय," असं आईने जाहीर केल्यापासून बाबा रोज ताज्या भाज्या-फळांची पिशवी आणायचे आणि मायलेकी एकाच वाडग्यातून खायच्या. आई म्हणे फक्त सोबतीला. आज मात्र लेकीने चमचा आपटला.

"बास झालं. मी काय ससा आहे? मी आहे अशीच झकास आहे."

"सुटलो," बाबा हसले. "उद्यापासून पिशवी बंद."

"माझ्यापुरतं थोडं आणाल?" आईने हळूच विचारलं. "डॉक्टर म्हणालेत, वजन उतरलं नाही तर गुडघे कामातून जातील."

"तुझे एकटीचे वेगळे लाड कशाला? या वयात कुठे मिरवायचंय?"

आई टेबलाचा आधार घेत उठली आणि उरलेल्या फोडी झाकून ठेवायला लागली.

लेकीने तिच्या हातातून वाडगा ओढून घेतला आणि कोबीचा मोठा घास तोंडात कोंबला.

"बाबा, उद्या जरा जास्तच आणा," ती म्हणाली. "माझं पोट बघा ना केवढं सुटलंय."