दोघांत एक पेपर

मास्तरांच्या गालांना फेस लावून गोरख न्हाव्यानं पेपर उचलला.

"रस्ता रुंद होणार. नगराध्यक्षांनी शब्द पाळला," त्यानं वाचलं. "पुढं दोन ओळी कोऱ्या."

"इकडे दे."

पेपर उपळेकर मास्तरांच्या हातात आला. पेपरनं त्यांचे डोळे ओळखले आणि स्वतःचा मजकूर बदलला. वाचणाऱ्याच्या भावना दुखावतील ती वाक्यं पेपर त्याला दाखवतच नसे, तसा कायदाच होता. गोरखचा नगराध्यक्षांवर जीव, तर मास्तर पहिल्यापासून विरोधी गटाचे.

"कोऱ्या कुठं? रस्त्यासाठी बाजारातली दक्षिणेकडची रांग पाडणार. हरकतीला आजचा शेवटचा दिवस."

गोरखचा वस्तरा थांबला. त्याचं दुकान त्याच रांगेत होतं.

"मास्तर, चेष्टा करताय माझी."

"तुझ्या हातात वस्तरा असताना?"

गोरख खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मास्तरांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. "शेवटची ओळ मात्र मला कोरी दिसतेय. बघ बरं."

गोरखनं पेपर घेतला आणि सावकाश वाचलं, "ठरावाला अनुमोदन विरोधी गटाच्या प्रमिलाताईंनी दिलं."

प्रमिलाताईंच्या प्रचाराला मास्तर दारोदार फिरले होते. टॉवेलनं त्यांनी फेस पुसला आणि पायांत चपला सरकवल्या.

"दाढी राहू दे. आधी नगरपालिकेत चल."

गोरखनं शटर ओढलं, पेपरची घडी खिशात घातली आणि त्यांच्या बरोबरीनं चालू लागला.

"मास्तर, उद्यापासून दाढी नसली तरी पेपर वाचायला येत जा."