मडगार्डवरची मालकीण

बायकांना कर्ज स्वस्तात मिळतं हे कळल्यावर लग्नाच्या विसाव्या वर्षी नवऱ्याला बायकोचं पूर्ण नाव आठवलं. ट्रॅक्टर तिच्या नावावर आला. हप्ते तिच्या म्हशींनी फेडले, पण सीटवर बसायचा मान नवऱ्याचा. ती आपली मडगार्डवर, पाहुण्यासारखी. आज अंगणात खाटेवर दलालासोबत चहा ढोसून नवऱ्यानं हाक मारली, “अगं ए, इथं सही कर. ट्रॅक्टर विकलाय.” “कुणाला विचारून?” दलाल खिदळला, “साडी आणलीय की, वहिनी!” नवरा गुरगुरला, “कर म्हटलं की करायची!” तिनं कागदाचे चार तुकडे केले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि थेट सीटवर चढली. किल्ली फिरवायची, क्लच सोडायचा, एवढं शेजारून पाहून पाठ होतं. ट्रॅक्टर धडधडत पुढं उसळला, दलाल दचकून खाटेसकट आडवा झाला. नवरा बोंबलला, “ब्रेक कुठला ते ठाऊक आहे का?” “नाही! म्हणूनच सांगते, बाजूला व्हा!”