शैलप्रभाची किंकाळी

"आता," शेवंताबाई अगदी हळू म्हणाली.

पडद्यावर शैलप्रभाने कपाट उघडलं. आतलं प्रेत तिच्या अंगावर कोसळलं आणि ती किंचाळली. अख्खी टॉकीज दचकली. जतनबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेवंताबाई मात्र डोळे मिटून, गाणं ऐकावं तशी बसली होती.

"जमली," डोळे उघडून ती म्हणाली. "शेवटाला जरा दम कमी पडला."

जतनबाईने तोंडातला पदर काढला. "आज पहिलाच खेळ. ती ओरडणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"सवय झाली आता."

हे शहाऐंशी सालचं. त्याच वर्षी शेवंताबाई मुंबईहून धुळ्याला परतली होती. कापडगिरणीत कामाला असलेला नवरा वारला, आणि तिने माहेरच्या गल्लीत पिठाची चक्की टाकली. शेजारी जतनबाईचं कापडाचं दुकान होतं. मुंबईत काय करत होता, असं जतनबाईने एकदा विचारलं, तेव्हा "मिळेल ते" एवढंच उत्तर आलं.

चक्कीच्या आवाजात गिऱ्हाइकं घसा फोडून बोलायची. शेवंताबाई बोटांनीच खुणा करायची. रोज सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची. बाईला घशाचं काही दुखणं असावं, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं.

तिला नाद एकच. शैलप्रभाचे रहस्यपट. खून कोणी केला याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. शैलप्रभाची किंकाळी ऐकायला ती जायची. तशी किंकाळी दुसऱ्या कोणत्याच नटीला जमायची नाही, हे सगळं धुळं मान्य करायचं. साक्रीहून लोक बसने यायचे. अंगावर काटा आला की पैसे वसूल झाले म्हणायचे.

पुढच्या वर्षी शैलप्रभाचा नवा सिनेमा आला. अंधाऱ्या जिन्यात तिचा पाय रक्तात पडला आणि ती ओरडली. पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. शेवंताबाई मध्यंतराला उठून घरी गेली. दोन दिवस नीट जेवली नाही. त्यानंतरच्या सिनेमाचंही तेच झालं. तो आठवडाभरही चालला नाही.

टॉकीजचे मॅनेजर रुपचंदभाऊ एकदा चक्कीवर दळण घ्यायला आले. "शैलप्रभा संपली," ते म्हणाले. "आवाज गेला बाईचा."

शेवंताबाईने चक्की बंद केली. शहरात इतकी वर्षं काढूनही रागावली की तिच्या तोंडी अहिराणी यायची.

"कोठे जाई? आठेच शे!"

रुपचंदभाऊ हसले. "इथेच आहे म्हणता? तुमच्यासारखे भक्त आहेत, म्हणून त्या बायांचं चालतं."

ते गेल्यावर जतनबाई म्हणाली, "एवढा जीव जळतोय तर तिला पत्र टाका ना."

"ती मोठी बाई. आपण होऊन काय लिहायचं?" शेवंताबाई पीठ झटकत म्हणाली. "शिवाय काही गोष्टी बोलायच्या नसतात. शब्द दिलेला असतो."

जतनबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिने विषय सोडून दिला.

एकोणनव्वदच्या जानेवारीत टॉकीजला पंचवीस वर्षं झाली. समारंभाला शैलप्रभा येणार असल्याचं रिक्षाने गावभर सांगितलं. नव्या नट्या परवडत नाहीत म्हणून हिला बोलावलं, असं लोक म्हणाले. तरी दुपारी तीन वाजता टॉकीज खच्चून भरली. शेवंताबाई नवी साडी नेसली होती. तिला आणि जतनबाईला दहाव्या रांगेत जागा मिळाली.

शैलप्रभा व्यासपीठावर आली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा ठेंगणी, थकलेली. चार शब्द बोलून ती बसणार, तेवढ्यात मागून आरोळी आली, "किंकाळी!"

बघता बघता सगळी टॉकीज पाय आपटायला लागली. किंकाळी! किंकाळी! शैलप्रभाने हसून हात जोडले. रुपचंदभाऊंनी माईक पुन्हा तिच्यापुढे धरला. "एकदाच, मॅडम. धुळेकरांसाठी."

तिने श्वास घेतला. ओरडली. आवाज मध्येच चिरकला आणि विरून गेला.

हशा उसळला. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी मांजराचा आवाज काढला. शैलप्रभा मान खाली घालून उभी राहिली. जतनबाईला ते बघवेना. काय करावं म्हणून तिने शेजारी पाहिलं, तर शेवंताबाई उभी राहिली होती.

आणि मग ती किंकाळी आली.

छतापर्यंत चढली, तिथे थरथरत थांबली आणि सगळ्यांच्या पाठीच्या कण्यावरून खाली उतरली. बाल्कनीतलं एक मूल रडायला लागलं. शिट्ट्या जिथल्या तिथे थिजल्या. कपाट, प्रेत, सगळं जतनबाईच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. या वेळी दमही कुठे कमी पडला नव्हता.

हजार माणसं वळून दहाव्या रांगेकडे बघत होती. शेवंताबाई सरळ उभी होती. गाल लाल झाले होते, पण मान ताठ होती.

रुपचंदभाऊ भानावर आले. पाहुणीचा अपमान झाला या भीतीने ते माईकवर ओरडले, "ओ बाई! मॅडमच्या समोर मॅडमची नक्कल करता? खाली बसा!"

शैलप्रभाने त्यांच्या हातातून माईक घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

"नक्कल त्यांनी नाही केली, भाऊ," ती म्हणाली. "सात सिनेमे मी नुसतं तोंड उघडत होते."